सुटे भाग बदलले, आणि संगणक सुरू होईना!

हौसेनें घरीं जुळविलेला संगणक ही वस्तु आतां आमच्याकडील सुशिक्षित कुटुंबांत अपूर्व राहिलेली नाहीं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लींतून सुटे भाग आणावे, घरांतील एखाद्या कॉलेजांत जाणाऱ्या मुलानें वा मुलीनें ते एका रविवारीं जुळवावे, आणि पुढें सातआठ वर्षें साऱ्या घरानें तो संगणक वापरावा, असा क्रम अनेक घरांतून चालत आलेला आहे. एकत्र कुटुंबांत तर या एकाच यंत्रावर कितीतरी जणांचा भार असतो. थोरल्या काकांचे बँकेचे व प्राप्तिकराचे कागद त्यांत, सूनबाईंच्या शिकवण्यांचीं टिपणें त्यांत, नातवंडांच्या परीक्षांचे अर्ज त्यावरूनच भरावयाचे, आणि आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचीं छायाचित्रेंहि त्यांतच सांठविलेलीं. असें हें यंत्र मंद चालूं लागलें म्हणजे कोणी म्हणतें, 'रॅम वाढवा'. कोणी म्हणतें, 'प्रोसेसर बदला'. नवा भाग येतो, बसविला जातो, सारीं मंडळी भोंवतीं जमतात, आणि बटण दाबतांच— कांहींच होत नाहीं!

अशा वेळीं दोन चुका सर्रास होतात. कोणी घाईघाईनें एकामागून एक सर्व भाग उपसूं लागतो आणि मूळ बिघाडांत आणखी दोन बिघाडांची भर घालतो. किंवा हताश होऊन यंत्र दुकानांत नेलें जातें, तेथें 'मदरबोर्ड गेला' असा निर्णय ऐकावयास मिळतो, आणि हजारों रुपये विनाकारण खर्च होतात. वस्तुतः भाग बदलल्यानंतर लगेच बंद पडलेल्या यंत्रांत पुष्कळदां जळलेलें असें कांहींच नसतें. कोठें तरी एखादी वायर अर्धवट बसलेली असते, एखादी जोडावयाची राहून गेलेली असते, किंवा नवा भाग जुन्याशीं जुळत नसतो. शांत चित्तानें आणि क्रमानें पाहिल्यास ही उणीव घरच्या घरीं सांपडण्यासारखी आहे. तो क्रम कोणता, हें आम्ही येथें सांगणार आहोंत.

संगणक जागा कसा होतो?

दोष कोठें आहे हें शोधावयाचें, तर निर्दोष यंत्र कसें सुरू होतें तें आधीं ध्यानांत घेतलें पाहिजे. भिंतींतील २३० व्होल्टची वीज प्रथम वीजपेटींत, म्हणजे ज्यास बाजारांत एसएमपीएस म्हणतात त्यांत, शिरते. यंत्र बंद दिसत असलें तरी ही पेटी मदरबोर्डास ५ व्होल्टचा एक बारीक प्रवाह सतत पुरवीत असते. म्हणूनच कित्येक मदरबोर्डांवर यंत्र बंद असतांनाहि एक लहानसा दिवा लुकलुकतो. आपण बटण दाबलें म्हणजे मदरबोर्ड वीजपेटीस खूण करतो; पेटी १२, ५ व ३.३ व्होल्टचे मुख्य प्रवाह सुरू करते. ते स्थिर झाले म्हणजे 'सर्व ठीक' असा उलट निरोप देते. आणि मग प्रोसेसर जागा होऊन बायॉस नांवाच्या लहानशा चिपमध्यें लिहून ठेवलेल्या सूचना वाचूं लागतो. या सूचनांप्रमाणें प्रोसेसर, रॅम व चित्र काढणारा भाग यांची तपासणी होते. या आत्मपरीक्षेस 'पोस्ट' असें नांव आहे. ती पार पडल्यावरच डिस्क शोधली जाते व तीवरून विंडोज किंवा लिनक्स उचललें जातें.

हा एक जिनाच समजावा. यंत्र कोणत्या पायरीवर अडलें आहे तें लक्षणांवरून कळतें, आणि तें कळलें कीं तपासण्याचें क्षेत्र फार लहान होतें. १९८१ सालच्या आयबीएमच्या संगणकांत परीक्षा नीट पार पडली कीं एक आंखूड शीळ वाजत असे, व चुकलें तर निराळ्या शिळा वाजत. आजच्या बऱ्याच मदरबोर्डांवर त्याऐवजीं चार सूक्ष्म दिवे असतात. त्यांच्या शेजारीं प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स व डिस्क यांचीं संक्षिप्त नांवें छापलेलीं असतात. जो दिवा पेटून तसाच राहातो, त्या पायरीवर गाडी अडली आहे असें समजावें. कॅबिनेटचें झांकण लावण्यापूर्वीं हे दिवे पाहाण्याची संवय ठेवली, तर निम्मा शोध तेथेंच संपतो.

आधीं सावधगिरी

झांकण उघडण्यापूर्वीं भिंतींतील बटण बंद करून वायर काढावी, आणि नंतर संगणकाचें बटण दहाएक सेकंद दाबून धरावें, म्हणजे आंत उरलेली वीज निघून जाते. वीजपेटी मात्र कोणत्याहि परिस्थितींत उघडूं नये. तिच्यांतील संधारकांत, म्हणजे कपॅसिटरांत, वायर काढल्यानंतरहि कांहीं काळ तीनशें व्होल्टांहून अधिक दाब शिल्लक राहूं शकतो, आणि तो प्राणघातक आहे. बाकीच्या भागांना आपणांपासून भय आहे तें अंगावर सांठणाऱ्या स्थिर विजेचें. थंडीच्या कोरड्या दिवसांत, लोकरीचे कपडे अंगांत असतां ही वीज विशेष सांठते. म्हणून प्रत्येक वेळीं भागास हात लावण्यापूर्वीं कॅबिनेटच्या उघड्या धातूस स्पर्श करावा. काढलेले स्क्रू वाटींत ठेवावे, आणि कोणतीहि वायर काढण्यापूर्वीं तिच्या जागेचें छायाचित्र घ्यावें. एवढ्यानें पुढचा पुष्कळ त्रास वांचतो.

यानंतरचा पहिला नियम असा कीं, जें शेवटीं बदललें त्यावर पहिला संशय घ्यावा. नवा भाग काढून जुना पूर्ववत् बसवून पाहावा. जुन्यानें यंत्र सुरू झालें, तर बाकीचें सर्व शाबूत आहे हें सिद्ध झालें. आतां विचार फक्त नव्या भागाचा व त्याच्या जागेचा करावयाचा. जुना बसवूनहि यंत्र सुरू झालें नाहीं, तर हात घालतांना दुसरें कांहीं हललें आहे. दुसरा नियम असा कीं, एका वेळीं एकच बदल करावा. दोन गोष्टी एकदम केल्या व यंत्र चालूं झालें, तर गुण कशाचा तें कळत नाहीं, आणि तोच दोष पुन्हां उद्भवल्यास शोध पहिल्यापासून करावा लागतो.

पहिला प्रकार : यंत्र अगदींच निपचित

पंखा नाहीं, दिवा नाहीं, आवाज नाहीं, अशी स्थिति असेल तर वीज पुढें पोंचतच नाहीं. भिंतींतील बटण, वायर, आणि वीजपेटीच्या पाठीवरील लहान खटका हे प्रथम पाहावे. या खटक्यावर शून्य व उभी रेघ अशा खुणा असतात, व उभी रेघ म्हणजे चालू. कांहीं जुन्या पेट्यांवर ११५ व २३० असे आंकडे लिहिलेला एक तांबडा सरकता खटका असतो. आपल्या देशांत तो २३० वरच असला पाहिजे. ११५ वर सरकवून वीज दिली तर पेटी जळते.

मग मदरबोर्डाकडे वळावें. २४ पिनांचा मोठा जोड पुरता खालीं दाबला गेला आहे कीं नाहीं, त्याची आंकडी अडकली आहे कीं नाहीं, तें बोटानें चांचपून पाहावें. कॅबिनेटच्या बटणाची दोन तारांची बारीक वायर मदरबोर्डाच्या ठराविक दोन पिनांवरच बसवावी लागते. ही जागा पुस्तिकेंत दाखविलेली असते, आणि भाग बदलतांना ती वायर निघून येणें अगदीं सोपें आहे. बटणाच्या या दोन तारा उलट बसल्या तरी चालतें. दिव्याच्या तारा उलट बसल्या तर दिवा मात्र लागत नाहीं. बटणच नादुरुस्त असल्याचा संशय असेल, तर वायर काढून त्या दोन पिनांस स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानें क्षणभर एकदम स्पर्श करावा. यंत्र सुरू झालें, तर दोष कॅबिनेटच्या बटणांत आहे.

पंखे क्षणभर थरथरून लगेच थांबत असतील, तर कोठें तरी दोन तारा भलत्या जागीं एकमेकींस भिडत आहेत व वीजपेटी स्वतःचें रक्षण करीत आहे, असें बहुधा समजावें. मदरबोर्ड बदलल्यावर असें झाल्यास तो बाहेर काढून त्याखालच्या पितळी खुंट्या पाहाव्या. बोर्डाच्या छिद्राखालीं नसलेली एखादी जास्तीची खुंटी त्याच्या पाठीस टेकली, कीं हा प्रकार होतो. निसटलेला एखादा स्क्रूहि तेथें सांपडतो.

ज्यांनीं वीजपेटीच बदलली असेल त्यांस एक महत्त्वाची सूचना. ज्या पेट्यांच्या वायरी दोन्ही बाजूंनीं सुट्या होतात, त्यांच्या पेटीकडील टोकांचा क्रम सर्व कारखान्यांचा सारखा नसतो. जोड बिनतक्रार बसतो, पण १२ व्होल्टची तार ५ व्होल्टच्या जागीं जाते आणि डिस्क जळून जाते. 'जुन्या वायरी आंतून ओवलेल्याच आहेत, नवी पेटी तेवढी जोडूं' हा आळस येथें फार महागांत पडतो. नव्या पेटीस तिच्याच वायरी लावाव्या.

दुसरा प्रकार : पंखे फिरतात, पण पडदा काळाच

दुकानदार ज्यास 'डिस्प्ले येत नाहीं' म्हणतात तो हा प्रकार. यांत प्रथम पाहावयाचें तें पडद्याची वायर कोठें लावली आहे हें. निराळें ग्राफिक्स कार्ड बसविलें असेल तर वायर त्या कार्डासच लावली पाहिजे. शिवाय, कित्येक प्रोसेसरांत चित्र काढण्याची सोयच नसते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या आंकड्यामागें 'एफ' अक्षर असतें ते या जातीचे. असा प्रोसेसर आणून ग्राफिक्स कार्ड न बसवितां मदरबोर्डाच्या पाठीस पडदा जोडला, तर सर्व भाग निर्दोष असूनहि पडदा काळाच राहाणार.

दुसरी गोष्ट, प्रोसेसरची स्वतंत्र वीज. मदरबोर्डाच्या वरच्या कोपऱ्यांत चार किंवा आठ पिनांचा एक निराळा जोड असतो. तो राहिला तरी पंखे फिरतात, दिवे लागतात, आणि पाहाणारा फसतो. पण प्रोसेसर जागा होत नाहीं. ग्राफिक्स कार्डाचेंहि तसेंच. कार्डाच्या खांचेंतून जास्तींत जास्त ७५ वॅट वीज मिळते. मोठ्या कार्डास सहा किंवा आठ पिनांची वेगळी वायर लागते, आणि ती विसरली तर चित्र येत नाहीं. अलीकडील मोठ्या कार्डांवर १६ पिनांचा जोड असतो. तो अर्धवट बसल्यामुळें वितळल्याच्या तक्रारी २०२२ सालीं बाहेर आल्या होत्या. म्हणून तो पुरता आंत गेला आहे हें डोळ्यांनीं पाहून घ्यावें.

तिसरी गोष्ट रॅमची, आणि भाग बदलल्यानंतर तीच सर्वांत आधीं संशयास्पद. रॅमची पट्टी बसावयास वाटतो त्यापेक्षां जास्त जोर लागतो. आंकडीचा 'खट्' असा आवाज आला पाहिजे. पट्ट्या दोन व खांचा चार असतील, तर प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या खांचेंत त्या बसवाव्या, असें बहुतेक पुस्तिकांत सांगितलेलें असतें. यंत्र अडलें असतां एकच पट्टी ठेवून पाहावें. मग तीच पट्टी दुसऱ्या खांचेंत, मग दुसरी पट्टी पहिल्या खांचेंत. अशा चार प्रयोगांत पट्टी वाईट कीं खांच वाईट याचा निकाल लागतो. पट्टीचे सोनेरी दांत खोडरबरानें पुसण्याची रीत आमच्याकडे रूढ आहे. दमट हवेंत वर्षानुवर्षें राहिलेल्या जुन्या पट्टीस तिचा गुण येतो. परंतु सोन्याचा तो मुलामा फार पातळ असतो, म्हणून हलक्या हातानें पुसावें व रबराचा कण मागें ठेवूं नये.

चौथी गोष्ट धीराची आहे. डीडीआर-५ जातीची नवी रॅम प्रथम बसविल्यावर मदरबोर्ड तिची वेळ जुळवून घेण्यांत कित्येक मिनिटें घालवूं शकतो, आणि तेवढा वेळ पडदा काळा राहातो. उतावळेपणानें वीज तोडली कीं तें काम पुन्हां पहिल्यापासून सुरू होतें. तेव्हां पंधरा मिनिटें थांबावें, चहा घ्यावा, आणि मगच निराश व्हावें.

एवढ्यानेंहि कांहीं झालें नाहीं, तर बायॉसच्या जुन्या आठवणी पुसाव्या. मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखी ३ व्होल्टची एक बॅटरी असते. तिचें नांव सीआर-२०३२. यंत्राची वायर काढून ही बॅटरी पांचएक मिनिटें बाहेर ठेवली व पुन्हां बसविली, म्हणजे जुन्या भागांसाठीं केलेल्या योजना नाहींशा होतात आणि बोर्ड नव्या भागांकडे नव्यानें पाहातो. यानंतर तारीख व वेळ मात्र पुन्हां लावावी लागते.

पत्रिका जुळली आहे काय?

कित्येकदां सर्व जोड घट्ट, भाग नवे कोरे, आणि तरीहि यंत्र मूक, असें होतें. तेथें दोष हाताचा नसून निवडीचा असतो. वरवर जागा जुळली म्हणजे सर्व जुळलें असें नाहीं. इंटेलची एलजीए-११५१ ही बैठक २०१५ सालीं आली. पुढें २०१७ सालचे आठव्या पिढीचे प्रोसेसरहि त्याच नांवाच्या बैठकीवर आले, पण आधींच्या १०० व २०० मालिकेच्या मदरबोर्डांवर ते चालत नाहींत. २०२१ च्या अखेरीस आलेल्या एलजीए-१७०० बैठकीचे पहिले मदरबोर्ड पुढच्या वर्षींचा तेराव्या पिढीचा प्रोसेसर चालवितात, पण बायॉस नवें केल्यावरच. एएमडीच्या एएम-४ बैठकीचेंहि असेंच: बी-४५० जातीच्या जुन्या बोर्डांत २०२० सालचे रायझेन ५००० मालिकेचे प्रोसेसर बसतात, परंतु जुनें बायॉस त्यांस ओळखत नाहीं. उपाय सोपा आहे. जुना प्रोसेसर परत बसवावा, त्याच्यावर यंत्र चालू करून कारखान्याच्या संकेतस्थळावरून नवें बायॉस घालावें, आणि मग नवा प्रोसेसर बसवावा. म्हणूनच नवा भाग चालल्याची खात्री होईपर्यंत जुना भाग विकूं नये किंवा कोणास देऊं नये.

रॅमची गोष्ट याहून स्पष्ट आहे. डीडीआर-४ व डीडीआर-५ या दोहोंस २८८ पिना असल्या, तरी खांचेची जागा निराळी असते. एकीच्या जागीं दुसरी बसत नाहीं, आणि बळानें बसवूं गेल्यास बोर्ड मोडतो.

तिसरा प्रकार : पडदा उजळतो, पण विंडोज येत नाहीं

येथें यंत्राची आत्मपरीक्षा पार पडलेली असते, ही आनंदाची गोष्ट. बायॉसमध्यें जाऊन डिस्कचें नांव दिसतें कीं नाहीं तें पाहावें. दिसत नसेल तर वायर पाहावी. कांहीं बोर्डांत एम-२ जातीची नवी डिस्क बसविली कीं जुन्या डिस्कांच्या एकदोन जागा आपोआप बंद पडतात, तेव्हां जुन्या डिस्कची वायर दुसऱ्या जागीं लावावी. नांव दिसत असेल, तर कोणत्या डिस्कवरून सुरू व्हावयाचें त्याचा क्रम बदलला आहे, तो नीट करावा. यंत्र सुरू होऊन थोड्याच वेळांत आपोआप बंद होत असेल, तर प्रोसेसरवरचा थंड ठेवणारा भाग नीट टेकलेला आहे काय, त्याच्या बुडाचा पातळ संरक्षक कागद काढावयाचा राहिला आहे काय, हें पाहावें.

या प्रकारांत एक निराळेंच संकट उभें राहातें, आणि तेंच आमच्या मतें सर्वांत गंभीर आहे. विंडोज ११ च्या कित्येक संगणकांत डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते, व घरच्यांस त्याची वार्ताहि नसते. मदरबोर्ड किंवा प्रोसेसर बदलला कीं या कुलपास संशय येतो आणि तें ४८ आंकड्यांची किल्ली मागतें. ती किल्ली पुष्कळदां मायक्रोसॉफ्टच्या खात्यांत ठेवलेली असते. परंतु तें खातें कोणाच्या नांवें आहे, त्याचा परवलीचा शब्द कोणता, हें आठवत नसेल तर डिस्क धडधाकट असूनहि तींतील मजकूर कायमचा गेला. मदरबोर्ड पैसे देऊन आणतां येतो. सहस्रचंद्रदर्शनाचीं छायाचित्रें कोणत्या दुकानांतून आणणार? म्हणून भाग बदलण्याच्या आदल्या दिवशीं दोन कामें करावीं: महत्त्वाच्या मजकुराची प्रत निराळ्या डिस्कवर घ्यावी, आणि ती किल्ली कागदावर उतरून घरच्या दस्तऐवजांत ठेवावी.

उणें करीत जाण्याची रीति

वरील सर्व करूनहि दोष सांपडला नाहीं, तर शेवटचा उपाय म्हणजे यंत्रांतून जें जें काढतां येईल तें तें काढणें. मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवावा. त्यावर फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एक पट्टी व वीजपेटी एवढींच ठेवावीं. प्रोसेसरमध्यें चित्राची सोय नसेल तरच ग्राफिक्स कार्ड लावावें. एवढ्यावर पडदा उजळला, तर एकेक भाग परत घालीत जावें; ज्याच्या येण्यानें यंत्र पुन्हां मुकें होईल, तो अपराधी. एवढ्यावरहि यंत्र सुरू झालें नाहीं, तर वीजपेटीची परीक्षा करावी. ती मदरबोर्डापासून सोडवून २४ पिनांच्या जोडांतील सोळावी तार, जी बहुधा हिरवी असते, ती शेजारच्या काळ्या तारेशीं वायरच्या तुकड्यानें जोडली म्हणजे पेटी एकटी सुरू होते. मल्टिमीटर असल्यास १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ यांच्या दरम्यान आंकडा आला पाहिजे. पेटी निर्दोष ठरली, तर उरले दोघेच, मदरबोर्ड व प्रोसेसर. जळका वास येत असेल, किंवा बैठकीच्या सूक्ष्म पिना वांकलेल्या दिसत असतील, तर येथें घरचें काम संपलें. जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे जावें. पण आतां जातांना आपण रिकाम्या हातांनीं जात नाहीं. कोणते भाग निर्दोष आहेत याची यादी आपल्यापाशीं असते, आणि ती दाखविणाऱ्या गिऱ्हाइकास 'सर्वच बदला' असें सहसा कोणी सांगत नाहीं.

शेवटीं एक सुचवावेंसें वाटतें. घरांतील संगणकाची एक लहानशी वही असावी. कोणता भाग केव्हां घेतला, त्याची पावती, हमीची मुदत, मदरबोर्डाचें पुरें नांव, बायॉसचा आंकडा आणि कोणत्या दिवशीं काय बदललें, हें तींत लिहावें. ज्या मुलानें यंत्र जुळविलें तो नोकरीनिमित्त परगांवीं जातो, मुलगी सासरीं जाते. मागें राहिलेल्यांस ही वही त्यांच्या जागीं उपयोगी पडते. आणि पुढच्या वेळीं बटण दाबूनहि यंत्र मुकेंच राहिलें, तर घरांतील कोणालाहि, मग ते आजोबा असोत वा आठवींतील नात, वही उघडून पहिल्या ओळीपासून शोधास आरंभ करतां येतो.